चार वर्षांचं मूल चित्रपुस्तक अर्ध्यावर सोडून का उठतं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी चार वर्षांची आहे. वर्षभरात तुम्ही पंधरा-सोळा चित्रपुस्तकं आणलीत. रोज रात्री वाचायला बसता, ती दोन पानं ऐकते आणि उठून जाते, नाहीतर सगळी पानं भराभर उलटून "संपलं" म्हणते. एका पुस्तकाला मात्र ती चिकटून असते, ते आता फाटायला आलंय. सासूबाई म्हणतात, पुस्तकं कशाला, तोंडानं गोष्ट सांगा, ती कशी गप बसून ऐकते बघा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मोठ्यानं वाचायला खरोखर मजा येईल अशी पुस्तकं कुठली.

मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, बावीस वर्षं मुलांचं एक छोटं वाचनालय चालवते. त्याआधी बालवाडीत शिकवत होते. दर शनिवारी संध्याकाळी दोन ते सात वर्षांची मुलं जमतात आणि आम्ही तासभर मोठ्यानं वाचतो. सतरंजीवर बसून जे बघितलंय, त्यावरूनच लिहिते आहे.

तुम्ही पुस्तकांची नावं मागितलीत, पण तुमच्या प्रश्नातच दोन गोष्टी आहेत ज्या मला नावांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. एका पुस्तकाशी ती रमते, आणि आजीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकते. म्हणजे तिला बसता येतं, ऐकता येतं, पुस्तकाचं वावडंही नाही. मग बाकीच्या पुस्तकांत काय कमी आहे? माझा अंदाज असा की त्या पुस्तकांत तिला करायला काहीच ठेवलेलं नाही. तुम्ही वाचायचं आणि तिनं गप बसायचं, एवढाच व्यवहार. चार वर्षांच्या मुलाला हा व्यवहार फार वेळ परवडत नाही.

आजीची गोष्ट आठवून बघा. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून निघाली की "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" कोण म्हणतं? आजी सुरुवात करते आणि पोर पुरं करतं. चारदा ऐकल्यावर तर आजीला सुरुवातही करावी लागत नाही. वाघ वाटेत उभा आहे हे पोराला आधीच माहीत असतं, तरी तो भेटेपर्यंत त्याचा जीव टांगणीला असतो. कावळा दार वाजवतो तेव्हा चिमणी आत काय काय सांगून त्याला ताटकळत ठेवणार हेही माहीत असतं, आणि तरी प्रत्येक वेळी त्यात भर घालायची मुभा असते. आमच्याकडच्या एका मुलीनं चिमणीच्या तोंडी "थांब, माझ्या बाळाच्या शाळेची रिक्षा येऊ दे" असं घातलं होतं. सासूबाई जे करतात ते चांगलं वाचनच आहे, फक्त कागद नाही. चांगलं चित्रपुस्तक हेच काम कागदावर करतं, आणि वर चित्र देतं. त्यामुळं घरात गोष्ट की पुस्तक असा वाद ठेवू नका, दोन्हींची मुळं एकच आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. रात्री साडेदहाला जेवणं आवरल्यावर तुम्ही दमलेल्या आणि ती पेंगुळलेली असेल, तर कुठलंही पुस्तक चालणार नाही. आमच्या बऱ्याच घरांत संध्याकाळी दिवे लागल्यावरची वीस मिनिटं जास्त कामाची ठरली. त्याच खोलीत टीव्ही चालू असेल तर पुस्तकाला दोष देऊ नका. काही मुलं जात्याच चळवळी असतात, ती खोलीत फिरत फिरत ऐकतात. अशा मुलांना बसवण्याचा हट्ट मी सोडून दिला, कारण माझ्याकडं पाठ फिरवून बसलेलं मूल दोन दिवसांनी त्या पुस्तकातलं वाक्य बोलताना मी कितीदा ऐकलंय. मात्र मुलगी नेहमीच्या बोलण्याकडं, हाकेकडंही लक्ष देत नसेल, किंवा तिचं बोलणं तिच्या वयाच्या मुलांपेक्षा फार मागं वाटत असेल, तर पुस्तकं बाजूला ठेवून आधी तिचे कान तपासून घ्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, कारण आजीचं ती सगळं ऐकते.

आता मुलाला काम देणारं पुस्तक कसं ओळखायचं, ते सांगते. सगळ्यात सोपं काम म्हणजे पालुपद. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि ती मुलाच्या वाट्याची असते. पण ती ओळ छोटी हवी, पाच-सहा शब्दांची. लांब असली की मूल शेवटचा शब्द तेवढा पकडतं. त्या ओळीत तोंडाला चव देणारा आवाज असेल तर फारच छान. आपल्या भाषेत अशा शब्दांची खाणच आहे: धपाक, टुणकन, गुडुप, छपाक, सरसर, गडगड, भुर्र, खुदकन. "ती पाण्यात पडली" आणि "पडली की छपाक!" यांतलं कुठलं वाक्य मूल पुन्हा म्हणेल ते तुम्हीच बघा. आणि चांगल्या पुस्तकात पालुपद शेवटच्या वेळी बदलतं. पाच वेळा "नाही, नाही, नाही" आणि सहाव्या वेळी "हो!" त्या एका शब्दासाठी मूल आधीची पाचही पानं बसून काढतं.

दुसरं काम पान उलटण्याचं. मोठी माणसं याकडं फारसं लक्ष देत नाहीत, पण चित्रपुस्तकाची सगळी गंमत माझ्या मते इथंच आहे. छापखान्यात मोठा कागद घड्या घालून कापतात, त्यातून आठ किंवा सोळा पानांचे गठ्ठे निघतात. म्हणून अशी पुस्तकं बहुतेक सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. लेखक-चित्रकाराच्या हातात पान उलटण्याच्या अशा मोजक्याच संधी असतात, आणि जाणकार माणूस त्यांतली एकही वाया घालवत नाही. उजव्या पानाच्या शेवटी प्रश्न, अडचण किंवा अर्धं वाक्य ठेवायचं आणि उत्तर पान उलटल्यावरच दिसेल असं लपवायचं. "पेटी उघडली, आणि आत होता..." इथं उजवं पान संपलं पाहिजे. ज्या पुस्तकात पेटी डावीकडं आणि आतला बेडूक समोरच उजवीकडं छापलाय, त्यातली हवाच निघून गेलेली असते. मूल बेडूक आधी बघतं आणि तुम्ही पेटीचं वाचत बसता.

वाचणाऱ्याला इथं फार काही करायचं नसतं. पानाचा कोपरा धरायचा आणि थांबायचं. मनातल्या मनात तीन म्हणेपर्यंत थांबा. सुरुवातीला हे तीन आकडे फार लांब वाटतात, आपल्याला अवघडल्यासारखं होतं. पण शनिवारी मी थांबते तेव्हा सतरंजीवरची मुलं गुडघ्यावर येतात, कुणाचा तरी हात पानाकडं येतो, कुणीतरी ओरडतं, "साप!" आणि पान उलटल्यावर साप नसला तरी कुणी हिरमुसत नाही. चुकीचा अंदाज बरोबर अंदाजाइतकाच मजेचा असतो, जर आपण "चूक!" असं म्हटलं नाही तर. तुमची मुलगी पानं भराभर उलटते असं तुम्ही लिहिलंय. तिला कदाचित हेच काम हवंय. पान उलटण्याचा अधिकार तिला देऊन टाका आणि कधी उलटायचं ते ठरवणारा एखादा शब्द दोघींत ठरवा. आमच्याकडं "उलट की गं!" असं सगळी मुलं मिळून म्हणतात, आणि पान धरलेलं मूल त्याआधी हलत नाही.

तिसरं काम मला सगळ्यात प्रिय आहे. शब्द एक सांगतात आणि चित्र त्याहून जास्त सांगतं, असं पुस्तक. समजा, पुस्तकात लिहिलंय, "आजीनं फडताळात बघितलं, चष्मा नव्हता. आजीनं उशीखाली बघितलं, चष्मा नव्हता." आणि प्रत्येक चित्रात मागं बोका तोच चष्मा घालून बसलाय. शब्दांत बोक्याचं नावही नाही. तुम्ही मन लावून आजीची शोधाशोध वाचताय आणि तुमच्या शेजारी बसलेल्या पोराचा जीव वरखाली होतोय: "अगं आई, बोक्याकडं बघ की!" इथं तुम्ही फक्त एक करायचं, बोका दिसत नाही असं दाखवायचं. "कुठाय? मला तर आजीच दिसतीय." मोठ्या माणसाला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, असं चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दिवसातून किती वेळा होत असेल?

हे असं का चालतं यालाही आधार आहे. 2005 साली कॅनडातल्या संशोधकांनी पुस्तक ऐकताना लहान मुलांची नजर कुठं असते ते यंत्रानं मोजलं. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रच बघत होती, अक्षरांकडं अगदी क्वचित वळत होती. म्हणजे तुम्ही ओळ वाचत असता तेव्हा ती चित्राचा कानाकोपरा धुंडाळत असते. त्या धुंडाळण्यात तिला काही सापडलं तर ती थांबते. काहीच नाही सापडलं, चित्रानं शब्दांतलंच परत सांगितलं, तर तिच्या दृष्टीनं ते पान संपलं, भले तुमच्या तीन ओळी उरल्या असोत. उठून जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. आणि म्हणूनच या वयात प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत वाचायची गरज नाही. अक्षरओळख तिच्या वेळी होईल. आत्ता बोट चित्रावर जाऊ द्या, तेही तिचं.

दुकानात किंवा पुस्तक प्रदर्शनात गेलात तर पुस्तक नुसतं चाळून घेऊ नका. तिथंच उभ्या उभ्या तीन पानं मोठ्यानं वाचा. लाजायचं कारण नाही, आपण साडी घेताना अंगावर टाकून बघतोच की. जीभ कुठं अडखळली? एका पानावर किती ओळी आहेत? चार वर्षांच्या मुलासाठी पानाला दोन-चार ओळी पुष्कळ झाल्या. उजव्या पानाशी काही अडकवून ठेवलंय का? चित्रात असं काही आहे का जे शब्दांत नाही? मग शेवटचं पान बघा. तिथं "म्हणून मुलांनो, नेहमी खरे बोलावे" असं काही असेल तर मी ते पुस्तक खाली ठेवते. गोष्टीनं जे आधीच सांगितलंय ते पुन्हा बजावून सांगितलं की मुलाला कळतं, हा खेळ नव्हता, शिकवणी होती. पुढच्या वेळी ते त्या पुस्तकापाशी येत नाही. ओढूनताणून यमक जुळवलेल्या पुस्तकांबद्दलही माझं हेच मत आहे. ठेका खरा असेल तर तो पाय हलवतो. नुसतं शेवटचं अक्षर जुळलं म्हणून काही होत नाही.

भाषेबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण कोल्हापूरच्या घरांत खरी अडचण बऱ्याचदा इथं असते. बाजारातली बरीच चित्रपुस्तकं दुसऱ्या भाषेतून आलेली असतात आणि काहींच्या मराठीला परक्या घराचा वास येतो. "ती तिच्या लाल चेंडूबरोबर आनंदाने खेळत होती" असं आपल्यापैकी कोण बोलतं? चित्र सुंदर असतं, खेळही असतो, पण वाक्य तोंडात बसत नाही आणि मुलाच्या कानातनं घसरून जातं. अशा पुस्तकांत मी शिसपेन्सिल वापरते. वाक्याखाली बारीक अक्षरांत आपलं वाक्य लिहून ठेवते: "लाल चेंडू घेऊन खेळत बसली होती." आमच्या वाचनालयातली निम्मी भाषांतरित पुस्तकं अशी पेन्सिलीनं भरलेली आहेत. हे आधीच करून ठेवा, वाचताना ऐनवेळी बदलत बसलात तर ठेका मोडतो, आणि दर वेळी वेगळं वाक्य आलं तर मुलगी तुम्हाला अडवणार. मुळात मराठीत विचार करून लिहिलेल्या पुस्तकाला मात्र मी पेन्सिल लावत नाही. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' वाचून बघा. घरातली माणसं जशी बोलतात तशीच ती भाषा आहे, वाचताना एक शब्द बदलावासा वाटत नाही.

आणि मग आपली बोली. आपल्याकडं मुली, बायका "मी आलो, मी जातो" म्हणतात. मीही घरी असंच बोलते. पुस्तकातली मुलगी म्हणते, "आई, मी आले!" माझ्या शनिवारच्या मुली हमखास थांबवतात, "आले न्हाई, आलो!" सुरुवातीच्या काळात मी त्यांना दुरुस्त करत असे. ते माझं चुकलं, असं मला आता वाटतं. एक मुलगी त्यानंतर दोन महिने मोठ्यानं काही बोललीच नाही, नुसती ओठ हलवायची. पुस्तकातलं बोलणं बरोबर आणि आपल्या आईचं चूक, असं तिनं त्यातनं घेतलं होतं. आता मी छापलंय तसं वाचते, आणि कुणी "आलो" म्हटलं की सांगते, "ही मुलगी दुसऱ्या गावची आहे, तिच्या घरी 'आले' म्हणतात. आपल्याकडं 'आलो' म्हणतात." मुलांना ते लगेच पटतं. गावागणिक बोलणं बदलतं हे त्यांनी मामाच्या घरी ऐकलेलं असतंच. निवेदन छापील मराठीत आणि पात्रांची बोलणी आपल्या बोलीत, असं वाचूनही बघा. विशेषतः बोलणारा प्राणी असेल तर. आमच्याकडची म्हैस "काय करालईस रं?" असंच विचारते, आणि त्या पानावर मुलं पोट धरून हसतात.

प्रश्नांबद्दल थोडं. "हा कोण? रंग कुठला? किती फुगे आहेत?" हे प्रश्न आपण प्रेमानंच विचारतो, पण तिसऱ्या प्रश्नापासून परीक्षा सुरू होते आणि मूल निसटायला बघतं. ज्याचं उत्तर आपल्याला माहीतच आहे ते कशाला विचारायचं? त्याऐवजी, "हिला आता काय करावंसं वाटत असेल?" किंवा नुसतंच, "अरेच्चा, हे काय!" आणि ती जे म्हणेल त्याला धरून एक वाक्य पुढं. 1988 साली अमेरिकेत आईवडिलांना चित्रपुस्तक अशा पद्धतीनं वाचायला शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात भर घालायची. महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं इतर मुलांपेक्षा ठळकपणे पुढं गेलेलं दिसलं. दोन्हीकडं वाचन घडत होतंच, फरक होता तो वाचताना मुलाला किती बोलू दिलं याचा.

आता त्या फाटायला आलेल्या पुस्तकाबद्दल. तुमच्या लिहिण्यात थोडी काळजी दिसली, की बाकीची पडून आहेत आणि ही एकच धरून बसलीय. कृपा करून ते पुस्तक लपवू नका. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं तेव्हा एका शाळेत बरीच कुटुंबं राहायला आली होती. मी तिथं जाताना पिशवीतनं सहा पुस्तकं नेली. सहाही वाचली, पण मुलांनी एकच निवडलं, आणि पुढचे आठ दिवस दुसरं काही वाचू दिलं नाही. बाहेर काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, मोठी माणसं फोनवर रडत होती. त्या पुस्तकात मात्र काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते दर वेळी तसंच होत होतं. पाचव्या दिवशी एका मुलानं पुस्तक माझ्या हातातनं घेतलं, माझ्यासारखं मुलांकडं तोंड करून धरलं आणि सगळं वाचून दाखवलं. त्याला एकही अक्षर येत नव्हतं. थांबायच्या जागीसुद्धा तो बरोबर थांबला.

पुन्हा पुन्हा तेच वाचण्यानं शब्दही जास्त रुजतात. 2011 साली इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांबरोबर हे करून बघितलं. काही मुलांना तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले, काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून. शब्द तितक्याच वेळा कानावर पडूनही एकच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या ते जास्त लक्षात राहिले. मला यात नवल वाटत नाही. पहिल्यांदा ऐकताना मूल पुढं काय होतंय त्यामागं धावत असतं, ते कळल्यावरच त्याला इकडंतिकडं बघायला फुरसत मिळते.

सासूबाईंना यात कसं आणायचं, तेही सांगते, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडवल त्या आहेत. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात. तसं एखादं आणा आणि वाचून दाखवायला त्यांच्याच हातात द्या. आमच्याकडं एक आजी नातवाला सोडायला यायच्या आणि दारातच उभ्या राहायच्या. वाचता येत नव्हतं, म्हणून आत येत नव्हत्या. एकदा मी असं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पहिल्याच पानावरच्या डोंगराला राधानगरीकडचा आपल्या माहेरचा डोंगर केला, चित्रातल्या गाईची म्हैस केली, तिला नाव दिलं आणि पुढं पाऊणएक तास गोष्ट चालली. शेवटच्या पानावर पोचायला आम्हाला पुढचा शनिवार लागला. त्यानंतर त्या दारात कधी उभ्या राहिल्या नाहीत, थेट येऊन सतरंजीवर बसायच्या.

मिळण्याचं म्हणाल तर, मराठीत पूर्वीपेक्षा आता पुष्कळ आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आधी बघा. नॅशनल बुक ट्रस्ट 1957 पासूनची संस्था आहे, त्यांच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं प्रदर्शनांत सहज आणि स्वस्तात मिळतात. त्यांत डावंउजवं आहे, म्हणून उभ्या उभ्या वाचून घ्याच. चेन्नईच्या तूलिकाची मराठी पुस्तकंही आहेत, चित्रांत त्यांचा हात चांगला आहे. प्रथम बुक्स ही बंगळूरची संस्था 2004 साली सुरू झाली, आणि 2015 पासून त्यांच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता, उतरवून घेता येतात. तिथं पुस्तकांचे चार स्तर केलेत, तुमच्या मुलीसाठी पहिल्या दोन स्तरांतली बघा. फक्त ती फोनवर वाचून दाखवू नका. पान उलटण्याची गंमत जाते आणि मधेच कुणाचा तरी संदेश येतो. आवडलेलं एखादं छापून घ्या, मधे पिना मारा, झालं पुस्तक. आणि सगळंच विकत घ्यायला नको. आपल्या गावाला करवीर नगर वाचन मंदिरासारखी 1850 पासूनची वाचनालयाची परंपरा आहे. जवळच्या वाचनालयात जाऊन छोट्यांसाठी काय आहे ते विचारा, आणि नसेल तर मागा. मागणारी माणसं आली तरच तिथं ही पुस्तकं येतात.

एक शेवटची भीती तुम्ही लिहिलीय, की माझा आवाजच वाचण्यासारखा नाही. आवाज काढायची, नाटक करायची अजिबात गरज नाही. मुलीला तुमचाच आवाज ओळखीचा आहे आणि तोच हवाय. वेग तेवढा कमी करा. आपण सगळेच फार भराभर वाचतो. वाघासाठी घसा फोडण्यापेक्षा वाघ यायच्या आधी आवाज हळू करा, बघा ती कशी जवळ सरकते. कधी मुद्दाम चुकाही करा: "आणि भोपळा गेला चालत चालत." ती ओरडेल, "चालत न्हाई, टुणुक टुणुक!" ती उठून गेलीच तर हाका मारू नका. तुम्ही बसल्या जागी, तेवढ्याच आवाजात, पुस्तक शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा पुढचं पान उलटण्याच्या वेळी पाऊल परत वाजतं.

आजपुरतं असं करा. पंधरा-सोळा पुस्तकांतली तीनच बाहेर ठेवा, बाकीची कपाटात जाऊ द्यात. तिघांत तिचं लाडकं एक हवंच. त्याची फाटलेली पानं तिच्यासमोरच, तिला मदतीला घेऊन, पातळ कागदाची पट्टी लावून चिकटवा. चकचकीत टेपनं कागद पिवळा पडतो. ते पुस्तक कुठलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या चार दिवसांत ती त्यातल्या कुठल्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबते आणि तिथं नेमकं काय करते, बोलते, बोट ठेवते की नुसतीच बघत बसते, एवढं बघून मला कळवा. म्हणजे तिला त्यात कुठलं काम सापडलंय ते कळेल, आणि त्याच जातीची दोन-तीन पुस्तकं मी नावानिशी सांगेन.